स्नायूंचा वेग ठरवणारे मायोसिन

हाडांना जोडलेले स्नायू आकुंचन पावतात ते मायोसिन नावाच्या प्रथिनाच्या बळावर. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ विल्हेम क्यूने यांनी १८६४ मध्ये दिले. मायोसिनच्या रेणूला एक लांब शेपूट आणि दोन डोकी असतात. डोके शेजारच्या ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्याला पकडते, वाकते, धागा काही नॅनोमीटर ओढते आणि एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, नवा रेणू येऊन चिकटला की पकड सोडते. मृत्यूनंतर एटीपी संपते आणि पकड सुटतच नाही. मृतदेह ताठरतो तो यामुळे.

हे चक्र किती वेगाने चालावे, हे मुख्यतः मायोसिनमधील जड साखळीच्या, म्हणजे त्याच्या मोठ्या प्रथिनसाखळीच्या, प्रकारावर ठरते. माणसाच्या हातापायांत तिचे तीन मुख्य प्रकार आढळतात: मंद १, वेगवान २ए आणि त्याहून वेगवान २एक्स. उंदरांतील २बी प्रकाराचे जनुक माणसातही असते, पण हातापायांच्या स्नायूंत त्याचे प्रथिन तयार होत नाही. जुन्या पुस्तकांत माणसाचे म्हणून दाखवलेले २बी तंतू (स्नायूच्या पेशी) खरे तर २एक्स आहेत. प्रकार १ सावकाश चालतो, पण एटीपी काटकसरीने वापरतो. पोटरीत खोलवर असलेल्या सोलियस स्नायूत तोच बहुसंख्य असतो, म्हणून तासन्‌तास उभे राहता येते.

स्नायूच्या रंगावरून मात्र त्याचा वेग ओळखू नये. कोंबडीची तंगडी गडद आणि छाती पांढरी दिसते, कारण तंगडीत ऑक्सिजन साठवणारे मायोग्लोबिन हे लाल प्रथिन जास्त असते. पण दूरवर उडणाऱ्या कबुतराची छाती लाल असूनही तिचे बहुतेक तंतू वेगवानच असतात. रंगावरून कळते ती ऑक्सिजन वापरण्याची ताकद.

तंतूचा प्रकार जन्मभर एकच राहतो, असेही नाही. १९६० मध्ये बुलर आणि जॉन व रोझामंड एकल्स या शास्त्रज्ञांनी मांजरांच्या मंद आणि वेगवान स्नायूंच्या नसा एकमेकांना अदलाबदलीने जोडल्या. मंद स्नायू वेगवान झाला आणि वेगवान स्नायू मंदावला. स्नायूचा स्वभाव घडवण्यात नसेकडून येणाऱ्या संदेशांचा एवढा मोठा वाटा असतो. नियमित व्यायामाने २एक्स तंतू २ए प्रकाराकडे झुकतात. मज्जारज्जूच्या इजेने लुळ्या पडलेल्या पायांत मात्र उलट घडते: मंद तंतू कमी होत जातात आणि २एक्सचे प्रमाण वाढते.

म्हातारपणी आधी बारीक होतात ते वेगवान तंतू. तोल गेल्यावर पाय चटकन पुढे टाकायला हेच तंतू लागतात. ते टिकवायला नुसते चालणे पुरत नाही. झेपेल तेवढे वजन उचलण्याचा व्यायामही हवा.