भूमध्य समुद्राची हद्दपार गाणी

आदेला पीवा या बल्गेरियन दिग्दर्शिकेने २००३ साली एक माहितीपट केला : 'हे गाणं कुणाचं?' सुरुवात इस्तंबूलच्या एका खानावळीत होते. टेबलाभोवती ग्रीक, तुर्की, सर्बियन, बल्गेरियन अशी मित्रमंडळी बसली आहेत. एक जुनी चाल वाजू लागते आणि जो तो म्हणतो, 'हे तर आमचं गाणं!' तुर्कस्तानात ते 'उस्कुदारला जाताना' म्हणून घरोघर ठाऊक आहे. पीवा मग कॅमेरा घेऊन देशोदेशी हिंडते. कुठे हे प्रेमगीत निघतं, कुठे भक्तिगीत, तर कुठे लढाईचं कवन. बल्गेरियात 'मूळ चाल तुर्की असेल' एवढं नुसतं सुचवलं, तर लोक तिच्या अंगावर येतात. चाल एकच, दावेदार अर्धा डझन.

भूमध्य समुद्राभोवतालच्या वीसेक देशांचं संगीत ऐकायला बसलं की असले दावे पावलोपावली भेटतात. प्रत्येक देशाकडे मिरवण्याजोगं 'आपलं' संगीत आहे. युनेस्कोच्या वारसायादीत स्पेनचा फ्लेमेंको २०१० साली गेला, ग्रीसचा रेबेटिको २०१७ साली, मोरोक्कोचा ग्नावा २०१९ साली, अल्जीरियाचा राई २०२२ साली. या यादीतलं एकेक नाव खरवडून पाहिलं की खाली निराळीच गोष्ट निघते. आज ज्याला वारसा म्हणतात, ते बहुतेक वेळा त्याच समाजाने हाकललेल्या, हिणवलेल्या किंवा गप्प बसवलेल्या माणसांनी जपलेलं असतं. हा आढावा त्याच बाजूने घेतला आहे.

ग्रानाडा सुटलं, गाणं राहिलं

बगदादचा गवई झिर्याब ८२२ साली कोर्दोबाच्या दरबारात आला. औद या वाद्याला पाचवी तार त्याने जोडली, असं परंपरा सांगते. त्याच्याभोवतीच्या आख्यायिका बाजूला ठेवल्या, तरी मुस्लिम स्पेनमध्ये पुढच्या काही शतकांत एक भरदार दरबारी संगीत उभं राहिलं, हे खरं. १४९२ साली ग्रानाडा पडलं. त्याच वर्षी ज्यूंना देशाबाहेर काढण्यात आलं, आणि १६०९ पासून धर्मांतरित मुसलमानांनाही. ही माणसं फेज, तेतुआन, त्लेमसेन, अल्जिअर्स, ट्युनिस अशा गावी पांगली आणि गाणं त्यांच्याबरोबर गेलं.

या गाण्याचा मुख्य प्रकार म्हणजे नूबा. एकाच मकामात, म्हणजे साधारण रागासारख्या स्वरचौकटीत, बांधलेली गीतांची लांबलचक माळ. सुरुवात ठाय लयीत, मग टप्प्याटप्प्याने चढत शेवटी द्रुत. विलंबित ख्यालातून द्रुताकडे जायची सवय असलेल्या कानाला हा बाज परका वाटणार नाही. मोरोक्कोत अशा अकरा नूबा टिकल्या आहेत आणि एकेक पूर्ण गायला कित्येक तास लागतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेतुआनच्या अल हाईक याने त्यांचे शब्द लिहून काढले. सूर मात्र गुरूकडून शिष्याकडे तोंडीच गेले.

या परंपरेत ज्यू आणि मुसलमान शेजारी बसून गात. अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरात शेख रेमंड लेरिस हा ज्यू गवई या संगीताचा जाणता उस्ताद मानला जाई. स्वातंत्र्ययुद्ध शिगेला पोचलं असताना, २२ जून १९६१ रोजी, भर बाजारात त्याला गोळी घालून ठार केलं गेलं. त्याच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारा तरुण त्याच उन्हाळ्यात फ्रान्सला निघून गेला. पुढे त्याने रेमंडच्या मुलीशी लग्न केलं आणि एन्रिको मासियास या नावाने फ्रेंच गाण्यांचा मोठा तारा झाला. जन्मगावी परतून गायचं मात्र त्याच्या नशिबी आलं नाही. अल्जीरियातल्या ज्यू समाजाने त्या एक-दोन वर्षांत देश सोडला आणि जी मैफल पाचशे वर्षं एकत्र बसत होती, ती दोन किनाऱ्यांवर वाटली गेली.

पिरेअसचे अड्डे

रेबेटिकोची कहाणी याहून अलीकडची. १९२२ साली ग्रीस-तुर्कस्तान युद्धाच्या अखेरीस स्मर्ना शहर जळालं. दुसऱ्या वर्षीच्या लोझान कराराने लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरली. बाराएक लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, चारएक लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. निकष भाषेचा नव्हता, धर्माचा होता. त्यामुळे ग्रीसमध्ये उतरलेल्यांपैकी अनेकांना ग्रीक धड बोलताही येत नव्हतं. अथेन्सचं बंदर असलेल्या पिरेअसच्या आसपास झोपड्यांच्या वस्त्या उठल्या. स्मर्नाच्या कॅफेंमध्ये औद आणि व्हायोलिन वाजवणारे कसलेले कलावंत तिथे येऊन पडले. बंदरावरचे हमाल, तुरुंगातून सुटलेले गडी आणि चरसचे अड्डे तिथे आधीपासून होतेच. या सरमिसळीतून रेबेटिको वयात आला.

त्याचा मोठा गायक-वादक मार्कोस वामवाकारिस हा सिरोस बेटावरचा. पिरेअसला येऊन त्याने बंदरावर कोळसा वाहिला, कत्तलखान्यात काम केलं आणि तिथेच तो बुझुकी या तंतुवाद्याच्या नादी लागला. आवाज खरखरीत, वादन नेटकं, विषय सरळ : प्रेम, चरस, पोलीस, आई. त्याच्या गाण्यांत झेबेकिको हा नऊ मात्रांचा ठेका वारंवार येतो. या ठेक्यावर एकच पुरुष उठून नाचतो. तो नाचत असताना दुसऱ्याने मध्ये येणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

१९३६ साली मेटाक्सासची हुकूमशाही आली आणि गाण्यांवर सेन्सॉर बसला. चरसची गाणी गेलीच. शिवाय स्मर्नाकडची हरकतींनी भरलेली 'पौर्वात्य' गायकीही नकोशी ठरली. बुझुकी हातात दिसली तरी पोलीस हटकत. त्या दिवसांत बाग्लामास नावाचं वीतभर-हातभर लांबीचं वाद्य कामी आलं, कारण ते कोटाखाली लपवता येई. बदल वाद्यातही झाला. औदला पडदे नसतात, त्यामुळे त्यावर दोन स्वरांमधल्या श्रुती निघतात. बुझुकीला धातूचे पक्के पडदे असल्यामुळे त्या निसटतात. औद मागे पडून बुझुकी पुढे आली, तसं हे संगीत हळूहळू पश्चिमेच्या स्वरसप्तकात बसू लागलं.

मग उलटा प्रवास सुरू झाला. १९४९ साली मानोस हाजिदाकिस या तरुण संगीतकाराने अथेन्समध्ये भाषण देऊन रेबेटिकोची बाजू घेतली, तेव्हा सुशिक्षितांनी नाकं मुरडली. १९६० मध्ये मिकिस थेओदोराकिसने यानिस रित्सोसच्या 'एपिताफिओस' या शोककाव्याला लावलेली आपली चाल ध्वनिमुद्रित केली, ती बुझुकीवर. चारच वर्षांनी 'झोर्बा द ग्रीक' चित्रपटाला त्याने संगीत दिलं. जगभरच्या ग्रीक हॉटेलांत 'परंपरागत' म्हणून नाचतात तो सिर्ताकी याच चित्रपटासाठी बसवलेला होता. लष्करशहांनी १९६७ मध्ये सत्ता बळकावून थेओदोराकिसच्या संगीतावर संपूर्ण बंदी घातली, आणि पन्नास वर्षांनी रेबेटिको युनेस्कोच्या यादीत दाखल झाला.

कैरोची लहर, अंकाराची बंदी

मार्च १९३२ मध्ये कैरोत अरबी संगीताची परिषद भरली. बार्टोक आणि हिंडेमिथ यांच्यासारखे युरोपीय संगीतकार आले होते. वाद पेटला तो पियानोवरून. इजिप्तच्या अनेकांना पियानो हवा होता, कारण तो आधुनिक होता. आणि युरोपातून आलेले पाहुणे सांगत होते की बाबांनो, तुमचे बारीक स्वर त्यात मरतील. रास्त मकामाचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी असतो. तो पियानोवर नाही आणि पेटीवरही नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं, त्यामागचा युक्तिवादही याच जातीचा होता.

सगळे मकाम काही एवढे अनोळखी नाहीत. हिजाजचे पहिले चार स्वर म्हणजे सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म : थेट भैरवचं पूर्वांग. अरबी, तुर्की, ग्रीक गाण्यांत हे चार स्वर इतके पेरलेले आहेत की मराठी श्रोत्याने आत शिरायला हाच दरवाजा धरावा. त्यानंतर तकसीम ऐकावी. एकट्या वाद्यावर, तालाशिवाय, मकाम उलगडत नेणारं हे वादन आलापाच्या सवयीने सहज कळतं.

१९३४ साली कैरोचं सरकारी रेडिओ केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी तुर्कस्तानने आपल्याच अभिजात संगीताला रेडिओवर मनाई केली, कारण नव्या प्रजासत्ताकाला युरोपसारखं वाजायचं होतं. मनाई दोन वर्षांच्या आत उठली, पण तोवर तुर्की श्रोत्यांनी रेडिओची खुंटी कैरोकडे फिरवली होती. पुढे इजिप्तचे संगीतपट आले, त्यांतल्या अरबी गाण्यांच्या तुर्की आवृत्त्या निघाल्या आणि काही दशकांनी खेड्यातून शहरात आलेल्या मजुरांच्या वस्त्यांत 'अराबेस्क' हा प्रकार फोफावला. सरकारी वाहिनीने त्यालाही दूर ठेवलं. बाळकृष्ण केसकर मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीतं मागे सारली गेली आणि अवघा देश रेडिओ सिलोन लावून बसला, हे ज्यांनी अनुभवलं त्यांना यापुढचं सांगायला नको.

कैरोच्या लहरींवर राज्य होतं उम्म कुल्थूमचं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री तिची मैफल प्रक्षेपित होई. एकेक गाणं तासभर चाले, कारण ओळ आवडली की श्रोते ती पुन्हा मागत आणि ती दर वेळी निराळी करून देई. या देवाणघेवाणीतून येणाऱ्या तल्लीनतेला अरबी रसिक 'तरब' म्हणतात. १९६४ साली मोहम्मद अब्देल वहाबने तिच्यासाठी 'इन्ता ओम्री' रचलं तेव्हा त्यात विजेची गिटार घातली. ज्यांना पुराणमतवादी म्हणावं, असे हे कलावंत नव्हतेच.

वेदना, विष आणि लग्नाची गाणी

उत्तर किनाऱ्यावर, इटलीच्या टाचेशी सालेंतो प्रदेश आहे. तिथल्या तंबाखूच्या आणि गव्हाच्या शेतांत राबणाऱ्या बायकांना कोळी चावला की त्या तासन् तास, दिवसेंदिवस नाचत. अर्नेस्तो दे मार्तिनो हा अभ्यासक १९५९ च्या उन्हाळ्यात मानसोपचारतज्ज्ञ आणि संगीततज्ज्ञ बरोबर घेऊन तिथे गेला, तेव्हा त्याला दिसलं की बहुतेक प्रकरणांत कोळ्याचा पत्ताच नाही. त्रास आहे तो गरिबीचा, मनाविरुद्धच्या लग्नाचा, दाबलेल्या आयुष्याचा. आपल्याकडे अंगात येतं, तसंच हे. इलाज करणारा होता लुइजी स्तिफानी, नार्दो गावचा न्हावी. दुकानात दाढ्या करायचा आणि बोलावणं आलं की व्हायोलिन घेऊन निघायचा. सोबत डफ वाजवणारी मंडळी असत. बाई कुठल्या चालीला उठते हे अजमावत तो चाली बदलत जाई, आणि कोणत्या बाईला किती दिवस लागले याची टिपणं ठेवी. ज्या आजाराची तेव्हा लाज वाटे, त्याच्याच नावाने १९९८ पासून मेलपिन्यानो गावात दर ऑगस्टला प्रचंड महोत्सव भरतो.

फ्लेमेंकोतली हितानो, म्हणजे जिप्सी, माणसं मुळात आपल्याकडची. हजारएक वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघालेले त्यांचे पूर्वज १४२५ च्या सुमारास स्पेनमध्ये पोचले. १७४९ साली तिथल्या राजाने त्यांना सरसकट अटक करायचा हुकूम काढला होता. १९२२ मध्ये कवी लोर्का आणि संगीतकार फाल्या यांनी ग्रानाडात गायनस्पर्धा भरवली; हे गाणं शुद्ध स्वरूपात वाचवायचं, हा हेतू. पण फ्लेमेंकोला शुद्धता मानवली नाही. गिटारवादक पाको दे लुसियाने पेरू देशातून काहोन नावाचा लाकडी खोका आणला आणि तो फ्लेमेंकोचाच झाला. गायक कामारोनच्या १९७९ च्या 'ला लेयेंदा देल तिएम्पो' या अल्बममध्ये सतारही वाजते. तेव्हा तो आपटला. आज तो मैलाचा दगड समजतात. रोझालियाचा 'एल माल केरेर' (२०१८) त्याच वाटेने पुढे गेला.

राई हे अल्जीरियातल्या ओरानचं गाणं. शेखा रिमित्ती लग्नाकार्यात आणि दारूच्या अड्ड्यांवर गात असे. देह, दारू, विरह असं सगळं बेधडक. स्वतंत्र अल्जीरियाच्या रेडिओवर तिला जागा नव्हती. ऐंशीच्या दशकात कॅसेटी आणि सिंथेसायझर आले आणि तरुण राई गायक गल्लीगल्लीत पोचले. १९९२ साली खालेदचं 'दिदी' भारतातही गाजलं. पण त्याच सुमारास अल्जीरियात यादवी पेटली होती. २९ सप्टेंबर १९९४ रोजी प्रेमगीतं गाणाऱ्या चेब हसनीला ओरानमध्ये घराजवळच गोळी घातली गेली. वय होतं सव्वीस.

आता काय ऐकावं?

सुरुवात करणाऱ्याने देशवार जाऊ नये, बंदरवार जावं. जेनोवासाठी फाब्रित्सिओ दे आंद्रेचा 'क्रेउझा दे मा' (१९८४) घ्यावा. इटालियन सोडून तो जेनोवाच्या खलाशी बोलीत गायला आहे आणि साथीला औद, बुझुकी आहेत. मार्सेय आणि अल्जिअर्स या जोडीसाठी रशीद ताहाचं 'या रायाह'. मूळ गाणं दहमान अल हर्राशीचं, परदेशी निघालेल्या कामगाराला उद्देशून. बैरूतसाठी फैरूझ, जिने पंधरा वर्षांच्या यादवीत कुठल्याच गटाची बाजू घेतली नाही. ट्युनिससाठी अन्वर ब्राहेमचा शांत औद. एस्साविराचा ग्नावा गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांचा; तीन तारांचं गेंब्री आणि लोखंडी झांजा रात्रभर वाजतात. सत्तरच्या दशकातला तुर्की रॉक हवा असेल, तर सेल्दा बाजान.

आणि कैरोसाठी 'महरगानात'. शहराबाहेरच्या गरीब वस्त्यांत, लग्नाच्या मांडवात, फुकटच्या सॉफ्टवेअरवर पोरांनी जन्माला घातलेला हा धांगडधिंगा. फेब्रुवारी २०२० मध्ये इजिप्तच्या संगीतकार संघटनेने त्याला सार्वजनिक कार्यक्रमांत मनाई केली, कारण एका गाण्यात दारू आणि चरसचा उल्लेख होता. यूट्यूबवर ते गाणं कोट्यवधी वेळा वाजलं. चरस, झोपडपट्टी, सरकारी नापसंती : वामवाकारिसवरचं आरोपपत्रही हेच होतं. महरगानात वारसायादीत जाईल की नाही, ते पुढचे लोक ठरवतील. आपण मात्र त्याला समितीने पावन करेपर्यंत थांबू नये.