ओहोटीच्या खडकावर घडलेली नजर

संभाजीनगरात बसून समुद्रावर बोलायचं, म्हणजे थोडं गमतीचंच. आपल्यातल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या सहलीत. पण रेचल कार्सनबाईंचंही तसंच होतं बघा. जन्म 1907 चा, समुद्रापासून लांब, पेनसिल्व्हेनियात. समुद्र प्रत्यक्ष दिसला तो 1929 साली, बाविसाव्या वर्षी.

पुढे त्यांनी सरकारी मत्स्य खात्यात नोकरी केली. 1951 चं ‘द सी अराउंड अस’ धडाक्यात खपलं आणि त्या पैशातून मेन राज्यातल्या खडकाळ किनाऱ्यावर त्यांनी छोटं घर बांधलं. इथे जरा थांबू या.

ओहोटीला तो खडक पाहिला, तर त्यावर आडवे पट्टे दिसतात. वर काळपट. त्याखाली पांढरे बार्नॅकल, म्हणजे खडकाला कायमचे चिकटलेले कवचधारी जीव. त्याखाली तपकिरी शेवाळ. कोकणातल्या खडपांवरही असे पट्टे असतात. पाण्याबाहेर किती वेळ तग धरता येतो, यावर वरची हद्द बरीचशी ठरते. थोडं वर-खाली झालं की वस्ती बदलते. आणि हा चिकटलेला बार्नॅकल लहानपणी पाण्यात तरंगत फिरलेला असतो! म्हणजे खडकावरचा जीव समजायचा, तर आधी पाणी समजायला हवं. 1955 च्या ‘द एज ऑफ द सी’मध्ये त्यांनी हे सगळं उलगडून दाखवलंय.

मग 1962 मध्ये आलं ‘सायलेंट स्प्रिंग’. लोक विचारतात, कीटकनाशकांचा आणि समुद्राचा काय संबंध? माझ्या मते, तीच नजर आहे. त्यातलं क्लिअर लेक या कॅलिफोर्नियातल्या तळ्याचं उदाहरण घ्या. चिलटं मारायला 1949 साली औषध टाकलं. चिलटं चावणारीही नव्हती, नुसता त्रास! प्रमाण होतं सात कोटी भाग पाण्यात एक भाग. पुढे आणखी दोनदा टाकलं. पाण्यातून ते सूक्ष्म जीवांत गेलं, तिथून माशांत, आणि मासे खाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या चरबीत सापडलं ते दहा लाखांत 1,600 भाग. पक्षी मेले. पाण्यात मात्र औषध जवळपास दिसतच नव्हतं.

आपल्याकडे कापसावर फवारणी झाली की पंप ओढ्यात, नाहीतर विहिरीकाठी धुतात. गंगापूर-पैठणकडचे ओढे गोदावरीला, जायकवाडीला मिळतात. तिथे 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि या शहराचं पिण्याचं पाणीही तिथूनच येतं.