सिंधुदुर्गातील संगणक-पदविका : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहावीनंतर संगणकाचे शिक्षण घ्यावे असे ठरवणाऱ्या सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यासमोर आज अनेक वाटा आहेत; परंतु त्यांची माहिती बहुधा जाहिरातींतून, नातेवाइकांच्या सल्ल्यातून आणि गावातल्या एखाद्या मुलाला लागलेल्या नोकरीवरून बांधलेल्या अंदाजांतून मिळत असल्यामुळे प्रोग्रॅमिंग म्हणजे काय, वेबसाइट कशी उभी राहते, डेटाबेस सांभाळणाऱ्याचे काम नेमके कोणते आणि पदविकेला पुढे किंमत किती, या सर्वच बाबतींत चुकीच्या समजुती घट्ट बसल्या आहेत. त्यांच्यापायी काही मुले नको त्या वर्गात पैसे भरतात, तर काही योग्य वर्गाच्या दारातूनच परत फिरतात.

सर्वांत महागात पडणारी समजूत अशी की, संगणकाचे अभ्यासक्रम थोड्याफार फरकाने सारखेच असतात आणि शेवटी हाती 'कोर्सचा कागद' आला म्हणजे झाले. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा 2001 पासून सुरू असलेला एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. तो संगणक वापरायला शिकवतो, संगणकाकडून नवे काम करवून घेणारी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहायला शिकवणे हा त्याचा उद्देश नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील 'कोपा' हा एक वर्षाचा व्यवसाय संगणक-चालक आणि प्रोग्रॅमिंग-साहाय्यक तयार करण्यासाठी आहे आणि त्यात कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या जोडीला प्रोग्रॅमिंगची व डेटाबेसची प्राथमिक ओळख होते. मालवणजवळ कुंभारमाठ येथे असलेल्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांमधील संगणक अभियांत्रिकीची पदविका मात्र तीन वर्षांची, सहा सत्रांची असून तिची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. याशिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये सुरू केलेल्या 'बी. व्होक.' योजनेत बारावीनंतर एक वर्ष पूर्ण केल्यास पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका आणि तीन वर्षांनी पदवी अशी पायरीपायरीने बाहेर पडण्याची सोय आहे. खासगी वर्गांच्या सहा-सात महिन्यांच्या अभ्यासक्रमांनाही पुष्कळदा 'डिप्लोमा' असेच नाव दिलेले असते. त्यांतील काही वर्ग खरोखर चांगले शिकवतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि मंडळाची संलग्नता नसेल, तर त्या कागदाच्या बळावर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडत नाही. म्हणून प्रवेशापूर्वी परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्रावर कोणाची सही असणार, हे दोन प्रश्न स्पष्टपणे विचारणे आवश्यक आहे.

पदविका म्हणजे पदवी न झेपणाऱ्यांची वाट, ही समजूतही वस्तुस्थितीला धरून नाही. मंडळाची पदविका उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि तो पदविकेतील गुणांवर ठरतो. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार अशी सहा वर्षे जिथे लागतात, तिथे पदविकेची तीन आणि पदवीची उरलेली तीन मिळूनही सहाच होतात. वेळ वाया जातो हा आक्षेप त्यामुळे साध्या हिशेबापुढे टिकत नाही. खरी अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पदविकेतील गणित पदवीच्या पहिल्या वर्षाइतके खोलवर जात नाही, त्यामुळे थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्याला तिथल्या गणिताशी झगडावे लागते. पुढे शिकण्याचा विचार असेल, तर पदविकेच्या तिसऱ्या वर्षातच कलनाची, म्हणजे बदलाचा दर आणि बेरीज यांचा अभ्यास करणाऱ्या गणिताची, उजळणी सुरू करणे हितकारक ठरते.

प्रोग्रॅमिंगसाठी गणितात असामान्य गती आणि अस्खलित इंग्रजी हवी, असे मानून माघार घेणाऱ्या मुला-मुलींची संख्या लहान नसावी. पदविकेच्या प्रवेशासाठी दहावीत किमान 35 टक्के गुण लागतात आणि गुणवत्ता-यादी दहावीच्या गुणांवरच तयार होते. वेगळी प्रवेश-परीक्षा नसते. व्यवहारात लागणाऱ्या प्रोग्रॅमिंगचा बराच भाग आकडेमोडीचा नसून कामाची लहान लहान पावले पाडण्याचा, प्रत्येक पावलावर काय बिघडू शकेल याचा आधीच विचार करण्याचा आणि चूक सापडेपर्यंत चिकाटीने शोध घेण्याचा असतो. इंग्रजीचे म्हणाल, तर सी, जावा किंवा पायथन या भाषांतील राखीव शब्द मोजके असतात आणि ते वापरातून अंगवळणी पडतात. तंत्रज्ञानाची माहितीपुस्तके वाचता येण्याइतके इंग्रजी मात्र लागतेच, आणि ते टाळता येईल असे कोणी सांगत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मुभा दिली. संकल्पना मातृभाषेत पक्की झाली की इंग्रजी माहितीपुस्तकही कमी परके वाटते, हा त्यामागचा विचार योग्यच आहे.

डेटाबेस-प्रशासन म्हणजे माहिती टंकित करणे, हा गैरसमज विशेष सविस्तरपणे दूर करायला हवा, कारण या कामाचे महत्त्व बाहेरून दिसत नाही. माहिती भरणारा आणि माहितीच्या साठ्याची जबाबदारी घेणारा हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. डेटाबेस म्हणजे परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत, ठरलेल्या नियमांनी ठेवलेली माहिती. या मांडणीचा पाया एडगर कॉड या आयबीएममधील संशोधकाने 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात घातला आणि त्याच कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी 1974 मध्ये मांडलेल्या प्रश्नभाषेतून आजची एसक्यूएल ही भाषा घडली. देवगडच्या एखाद्या बागायतदाराने हापूसच्या पेट्यांची विक्री एक्सेलच्या एकाच तक्त्यात लिहिली, तर प्रत्येक मागणीसोबत ग्राहकाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी पुन्हा पुन्हा लिहावा लागतो. एकाच ग्राहकाचे नाव तीन प्रकारे लिहिले जाते आणि त्याचा क्रमांक बदलला की तो काही ओळींत नवा, काही ओळींत जुना राहतो. ग्राहक एका तक्त्यात, मागण्या दुसऱ्यात, आणि दोहोंना जोडणारा ग्राहक-क्रमांक, अशी फोड केली की प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदली जाते आणि दुरुस्तीही एकाच ठिकाणी होते. या फोडीला सामान्यीकरण म्हणतात.

तारकर्लीच्या किंवा देवबागच्या निवास-न्याहारी घराचे उदाहरण याहून बोलके आहे. दिवाळीच्या सुट्टीत एकाच खोलीसाठी दोन पर्यटक एकाच क्षणी वेबसाइट पाहतात, दोघांनाही खोली रिकामी दिसते, दोघेही पैसे भरतात आणि रात्री दोन्ही कुटुंबे सामान घेऊन दारात उभी राहतात. हा दोष वेबसाइटच्या दर्शनी रूपाचा नसून डेटाबेसच्या आराखड्याचा असतो. खोली आणि तारीख ही जोडी दुसऱ्यांदा नोंदता येणार नाही, असा नियम तक्त्यावरच बसवला आणि नोंदणी व पैसे या दोन्ही पायऱ्या एकाच व्यवहारात गुंफल्या, म्हणजे दोन्ही पूर्ण होतील किंवा एकही होणार नाही अशी व्यवस्था केली, तर दुसरी नोंदणी डेटाबेस स्वतःच नाकारतो. पदविकेच्या विद्यार्थ्याने डेटाबेस-व्यवस्थापनाच्या विषयात शिकायचे ते हे. याच विषयात येणारी सूची, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शोधाला मदत करणारी यादी, किती फरक घडवते हेही आकड्यांतच पाहावे: दहा लाख नोंदी ओळीने चाळायच्या झाल्या तर दहा लाख वेळा पाहावे लागू शकते, त्या क्रमाने लावलेल्या असतील आणि दर वेळी निम्म्या बाद करता येत असतील, तर सुमारे वीस तुलनांत हवी ती नोंद सापडते.

प्रशासकाचे काम आराखड्यापाशी संपत नाही. कोणी काय पाहावे आणि कोणी काय बदलावे याचे अधिकार ठरवणे, ठरलेल्या वेळी साठ्याची प्रत घेणे, ती प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आणि, ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, त्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करून पाहणे, हे त्याचे नित्याचे कर्तव्य आहे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा सिंधुदुर्गात ठिकठिकाणी वीजपुरवठा कोलमडला. अशा किनाऱ्यावर ज्या यंत्रात मूळ माहिती आहे त्याच यंत्रात तिची प्रत ठेवणे म्हणजे प्रत न घेण्यासारखेच आहे. सातबारा उतारा 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला, तेव्हापासून शेतकऱ्याच्या जमिनीचा पुरावाही डेटाबेसमधील नोंदीवर विसंबून आहे, आणि 2023 च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने लोकांची माहिती सांभाळणाऱ्यांवर कायदेशीर जबाबदारी टाकली आहे. पर्यटकांच्या आधार कार्डांची छायाचित्रे मोबाइलमध्ये साठवून ठेवणाऱ्या प्रत्येक निवासगृहाला हे समजावून सांगणारा माणूस जवळपास असणे गरजेचे झाले आहे.

वेबसाइट तयार करणे म्हणजे चित्रे आणि रंग जुळवणे, ही समजूत आता काहीशी मागे पडत असली तरी गेलेली नाही. पडद्यावर दिसणारा भाग एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांनी बनतो. त्यामागे विनंती स्वीकारून, नियम तपासून, डेटाबेसला प्रश्न विचारणारी सर्व्हरवरची आज्ञावली असते, आणि मंडळाच्या अभ्यासक्रमात जावा, पीएचपी, पायथन यांना स्थान मिळाले ते तिच्यासाठीच. मराठी मजकुराची एक खास बाजू इथे लक्षात घेतली पाहिजे. 'मालवण' हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना वेगळा मोजला जात असल्यामुळे ती पाच चिन्हे होतात आणि यूटीएफ-8 या साठवण-पद्धतीत त्यांना पंधरा बाइट लागतात. इंग्रजी नावांच्या मापाने बाइटमध्ये आखलेल्या रकान्यात मराठी नाव म्हणूनच मध्येच तुटते. हे न शिकवता केलेले वेब-प्रशिक्षण मराठी मुलखात अपुरेच म्हणावे लागेल.

अभ्यासक्रम शिकून होईपर्यंत जुना होतो आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्ताच आज्ञावली लिहिते, मग तीन वर्षे कशाला घालवायची, असा प्रश्न नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून वारंवार ऐकू येतो. त्यात तथ्य एवढेच आहे की ठरीव साच्याची आज्ञावली यंत्र झटकन लिहून देते आणि केवळ तेवढेच येणाऱ्याची गरज घटते. परंतु वर उल्लेखिलेला खोली-तारखेचा नियम यंत्राने गाळला आहे हे ओळखण्यासाठी तो नियम का हवा हे माहीत असावे लागते. साधने बदलतात, मूलतत्त्वे सावकाश बदलतात: एसक्यूएल पन्नासहून अधिक वर्षांनंतरही चालते आहे. म्हणून अभ्यासक्रमात अगदी नवे साधन आहे का यापेक्षा, दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचणे, तिची चाचणी घेणे आणि चूक शोधणे याला प्रयोगशाळेत किती तास मिळतात, हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.

राहिला प्रश्न नोकरीचा. पदविका मिळाली की नोकरी ठरलेली, हे जितके खोटे, तितकेच जिल्ह्यात या शिक्षणाचा उपयोगच नाही हे म्हणणेही खोटे आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांतील बहुतेक नोकऱ्या पुणे, मुंबई आणि बेंगळुरू येथे आहेत. गिरण्यांच्या काळापासून मुंबईची वाट धरणाऱ्या चाकरमान्यांच्या या जिल्ह्यात हे नवे नाही. घरबसल्या काम मिळते हेही खरे, परंतु ते बहुधा अनुभवी माणसाला मिळते, नवख्याला नव्हे. 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गात निवासगृहे, नौकाविहार, आंबा-काजूचे व्यापारी आणि सहकारी संस्था यांच्याकडे काम आहे, मात्र ते हंगामी, तुटक आणि कमी पैशांचे आहे. त्यावर पूर्ण संसार चालेल असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला अनुभव मिळवण्यासाठी शिकाऊ उमेदवारी हा अधिक भरवशाचा मार्ग आहे: 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली पदविकाधारकांनाही उमेदवारी करता येते आणि 2019 च्या सुधारित नियमांनी त्यांचे विद्यावेतन दरमहा किमान 8,000 रुपये ठरवले.

मंडळाच्या 2017 च्या आराखड्यात चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण होते. असा काळ केवळ प्रमाणपत्र आणण्यात न घालवता मालवणातीलच एखाद्या निवासगृहाची किंवा संस्थेची खरी नोंदणी-व्यवस्था उभारण्यात घालवला, तर विद्यार्थ्याला खऱ्या माहितीची जबाबदारी म्हणजे काय ते कळते. मात्र काम सोपवताना तक्त्यांचा आराखडा, अधिकारांची यादी आणि बिघाड झाल्यास प्रतीवरून सारे पुन्हा उभे करण्याची कृती मालकाला समजेल अशा मराठीत लिहून दिली पाहिजे, कारण पुढच्या वर्षी तो विद्यार्थी पुण्याला गेलेला असतो आणि खोल्यांची नोंदणी मात्र दिवाळीत नेहमीप्रमाणे सुरू होणार असते.