सिंफनीची रोजंदारी

नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जमशेद भाभा थिएटरात सकाळी तालीम चालते तेव्हा प्रेक्षकांच्या बाजूला अंधार असतो आणि रंगमंचावर लख्ख उजेड, कारण तिथल्या प्रत्येकाला कागद वाचायचा असतो. सुमारे अकराशे खुर्च्या रिकाम्या होत्या. मी सहाव्या रांगेत वही घेऊन बसलो होतो. तालीम सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची होती आणि स्टँडवर बेथोवनची सातवी सिंफनी होती.

वादक वेळेच्या बरेच आधी येतात. कुणी गजाला राळ घासतं, कुणी एकच अवघड ओळ दहादा वाजवून पाहतं. व्हायोलिनवाल्यांची पहिली झटापट खुंट्यांशी असते. बाहेरच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि खुंट्या घट्ट बसतात. आत एसीच्या कोरड्या हवेत त्याच सैल होऊन घसरतात. व्हायोलिनचं पोट आणि पाठ सरसानं जोडलेली असतात, पावसाळ्यात तो सरस नरम पडून सांधा उकलतो. युरोपातल्या थंड हवेसाठी घडलेलं हे वाद्य मुंबईत सांभाळणं हीच रोजची चाकरी आहे.

मग मुख्य व्हायोलिनवादक उभा राहतो आणि सगळे गप्प होतात. ओबो एकच स्वर लावतो, ‘ए’. ओबोच का? तर त्याचा आवाज टोकदार असतो, गर्दीतून वेगळा ऐकू येतो. आणि वेताच्या दुहेरी पातीवर वाजणारं ते वाद्य ऐन वेळी फारसं वरखाली करता येत नाही. जो बदलू शकत नाही त्याच्याशी बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. आधी फुंकवाद्यं, मग चेलो आणि बास, शेवटी व्हायोलिनं. तंबोरा जुळताना ऐकणाऱ्या माणसाला यातलं सुख समजावून सांगावं लागत नाही.

तालमीत सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे पेन्सिल. गज खाली ओढला की स्वराला वजन येतं, वर ढकलला की तो हलका सुटतो. सोळा व्हायोलिनं एका दिशेनं चालायची तर कुठल्या स्वराला गज कुठे जाणार हे आधी ठरावं लागतं. मुख्य वादक ते ठरवतो आणि त्या खुणा प्रत्येक स्टँडवरच्या कागदावर उतरवल्या जातात. एका स्टँडवर दोघं असतात. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वादक वाजवणं थांबवून पान उलटतो आणि बाहेरचा वाजवत राहतो. कंडक्टर थांबला, दोन वाक्यं बोलला, की पन्नास पेन्सिली एकदम हलतात. जुन्या प्रती पाहिल्या तर आधीच्या खुणा अर्धवट खोडलेल्या दिसतात, त्यावर नव्या.

दुसरा भाग सुरू झाला तेव्हा मी लिहिणं सोडून दिलं. फुंकवाद्यांचा एक लांब सुस्कारा, आणि मग व्हायोला, चेलो, बास: एक लांब, दोन आखूड, दोन लांब. पुन्हा तेच. स्वर जवळजवळ हलतच नाही, फक्त पावलं पडतात. पहिली व्हायोलिनं, ज्यांना एरवी सगळी चाल मिळते, ती हात मांडीवर ठेवून थांबलेली असतात. नंतर दुसरी व्हायोलिनं ती पावलं उचलतात, तेव्हा व्हायोला आणि चेलो त्याखाली एक नवी, आर्त ओळ धरतात. पहिल्यांची पाळी तिसऱ्या फेरीला. कंडक्टरनं हा प्रवेश पुन्हा पुन्हा घेतला. प्रत्येक वेळी त्याला आवाज आणखी कमी हवा होता. हळू वाजवणं जोरात वाजवण्यापेक्षा किती कष्टाचं आहे, ते मला व्हायोलावाल्यांचे दंड पाहून कळलं.

ही सिंफनी पहिल्यांदा वाजली ती 8 डिसेंबर 1813 रोजी व्हिएन्नात, हानाऊच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या मदतनिधीसाठी. शहरातले नामवंत संगीतकार त्या दिवशी साधे वादक म्हणून बसले होते आणि श्रोत्यांनी हाच दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला. शहराचं दुःख आणि शहराचा ऑर्केस्ट्रा यांचं नातं इतकं जुनं आहे. मुंबईनंही ते पाहिलं आहे. 1952 साली नेहरूंच्या निमंत्रणावरून येहुदी मेन्युइन भारतात दुष्काळनिधीसाठी वाजवायला आले, तेव्हा मुंबईत त्यांच्या साथीला मेहली मेहतांचा ऑर्केस्ट्रा होता.

मेहली मेहता हे या गोष्टीतलं पहिलं मोठं नाव. 1935 साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात पारशी होते, गोव्याचे ख्रिस्ती वादक होते, आणि तुतारीच्या कुळातल्या वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसं. त्याच सुमाराला, 1934 मध्ये, वॉल्टर कॉफमन हे ज्यू संगीतकार युरोपातून मुंबईत आले. मेहलींबरोबर त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी चालवली, पुढे आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. तंबोऱ्याच्या पार्श्वभूमीवर व्हायोलिनची जी धून ऐकत आपल्या दोन-तीन पिढ्यांची सकाळ झाली, ती त्यांचीच.

बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा मात्र टिकला नाही. मेहली पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला गेले, त्यांचा मुलगा झुबिन 1954 मध्ये अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेला. पण प्रमुख माणसं गेली म्हणून ऑर्केस्ट्रा संपला, हे मला पुरतं पटत नाही. सिंफनी वाजवून मुंबईत कुणाची चूल पेटत नव्हती, हे खरं कारण. वर्षातून थोड्या मैफलींसाठी साठ-सत्तर माणसं आपली बोटं रोज तयार ठेवतील, ही अपेक्षा फक्त हौसेवर उभी राहत नाही. 1962 मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रानं हौशी वादकांना घेऊन ती ज्योत चिकाटीनं सांभाळली, त्याबद्दल या शहरानं कृतज्ञ असायला हवं.

मग ती बोटं तयार कुठे राहिली? सिनेमात.

याची मुळं गोव्यात आहेत. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडून शाळा होत्या आणि तिथला मेस्त मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकवायचा. व्हायोलिन हातात येण्याआधी कागदावरचा स्वर गाऊन दाखवायचा, अशी शिस्त. चर्चमधल्या प्रार्थनेसाठी घडवलेली ही मुलं पुढे पोटासाठी मुंबईला आली. धोबी तलावाच्या जेर महालात आणि आसपास गावागावाच्या ‘कूड’ होत्या. एक खाट, एक पेटी, एक सामाईक वेदी. खलाशी जहाजाची वाट पाहत तिथे राहायचे आणि वादक कामाची. जवळच फुर्ताडोजचं वाद्यांचं दुकान. संध्याकाळी हॉटेलात जॅझ, रविवारी चर्च, आणि बोलपट आल्यावर दिवसभर रेकॉर्डिंग. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतल्या त्या भरघोस व्हायोलिनांची मांडणी त्यांनी लिहिली. संगीतकाराच्या मनात चाल असायची. कुणी काय वाजवायचं हे कागदावर उतरवणारा अरेंजर बहुतेकदा गोव्याचा.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांना राग आणि ऑर्केस्ट्रा या दोन्ही गोष्टी एका कागदावर आणायच्या होत्या. पुढे संगीतकार झालेल्या प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्यांनी स्टुडिओतलेच वादक जमवून रागांवर आधारित रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. प्यारेलालनी गुरूचं ऋण फेडलं ते ‘अमर अकबर अँथनी’मधल्या नायकाच्या गाण्यात त्यांचं नाव घालून. सगळा देश ते नाव गुणगुणला; तो माणूस कोण, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. याचं मला फार वाईट वाटतं.

त्या काळात वाजवलेले एक वयस्क वादक मला भेटले. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये सकाळी नऊची पाळी, तिथून टॅक्सीनं वांद्र्याच्या मेहबूबमध्ये दुसरी, असं त्यांनी सांगितलं. कागद समोर आला की दुसऱ्यांदा वाजवताना चूक नको, कारण गायकासकट सगळे एकदम ध्वनिमुद्रित होत. एक चुकला की सर्वांना पुन्हा. सिने म्युझिशियन्स असोसिएशननं वादकांची प्रतवारी आणि पाळीचे दर ठरवलेले होते, आणि त्या पैशांत त्यांनी मुलींची शिक्षणं केली. बेथोवन? तो घरी, रात्री, चार मित्र जमले की. मला वाटतं, 1950 ते 1985 या काळात मुंबईचा खरा सिंफनी ऑर्केस्ट्रा स्टुडिओतच बसलेला होता. त्याला सभागृह नव्हतं, जाहिरातीत नाव नव्हतं, पण रोजगार होता, म्हणून बाप मुलाला व्हायोलिन शिकवत होता. सिंथेसायझर आला, प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित करता येऊ लागलं, आणि साठ जणांचं काम एका कीबोर्डवर निभू लागलं. त्या वादकांनी मुलांना इंजिनिअर केलं.

म्हणून 2006 साली खुशरू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तेव्हा जागा भरायला भारतात पुरेसे वादक सापडेनात. बिसेनगालिएव्ह यांच्या पश्चिम कझाकस्तान फिलहार्मोनिकमधले वादक मोठ्या संख्येनं आले. भारतीय वादकांचा एक छोटा गाभा वर्षभर पगारावर आणि मैफलींच्या हंगामात बाहेरून येणारी मोठी तुकडी, अशी ही घडण आहे. तालमीच्या मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलापाशी रशियन, इंग्रजी आणि कोंकणी एकाच वेळी कानावर पडतात.

‘भारताचा ऑर्केस्ट्रा, पण भारतीय किती?’ हा प्रश्न यावर नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण त्यातली अढी मला मान्य नाही. या शहरातला ऑर्केस्ट्रा कुठल्याच काळी एका मुलखाचा नव्हता. आणि काम थांबलेलं नाही: झाकिर हुसेन यांनी याच ऑर्केस्ट्रासाठी ‘पेशकार’ हा तबल्याचा कंचेर्तो लिहिला, 2015 मध्ये तो इथे वाजला आणि 2019 मध्ये ऑर्केस्ट्रा तो घेऊन ब्रिटनला गेला. 2023 च्या ऑगस्टमध्ये झुबिन मेहतांनी त्यांच्या जन्मगावी हाच ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला.

खरा हिशेब मुलांच्या वर्गात मांडावा लागेल. एनसीपीएनं ऑर्केस्ट्राला जोडूनच अकादमी चालवली आहे. वादक सकाळी तालीम करतात आणि दुपारी तेच शिकवायला बसतात. एका वर्गाच्या दारात मी बराच वेळ उभा होतो. नऊ-दहा वर्षांची मुलगी, खुल्या तारेवर फक्त गज ओढत होती. शिक्षिका तिचं मनगट बोटानं किंचित उचलून धरत होती, बोलत काहीच नव्हती. मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुंबईत मुलांना शिकवतं. पणजीत 2009 पासून चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन गरीब वस्तीतल्या मुलांना व्हायोलिन, चेलो, बासरी शिकवतं; मेस्तची ती जुनी शाळा नव्या रूपात उभी राहिलेली पाहून मला आनंद झाला.

मात्र अडचण फुंकवाद्यांची आहे. व्हायोलिन आणि पियानोला मुलं मिळतात, परीक्षाही असतात. ओबो, बॅसून, फ्रेंच हॉर्न यांच्याकडे कुणी वळत नाही. चांगलं बॅसून लाखांच्या घरात जातं, ओबोच्या पात्या परदेशातून येतात आणि शिकवणारे मोजके. मेहलींना 1935 मध्ये जी उणीव नौदलाच्या बँडकडून भरून काढावी लागली, तीच आजही आहे. उपाय मला त्याच दिशेला दिसतो. पोलीस बँड आणि नौदलाचा बँड यांच्याकडे आजही पगारी, शिस्तीत तयार झालेले फुंकवाद्यांचे वादक आहेत. महापालिकेच्या शाळांमध्ये संगीताचे शिक्षक आहेत. ऑर्केस्ट्राकडे तालमीची जागा आणि स्वरलिपीचं ग्रंथालय आहे. या तिघांनी मिळून दर वर्षी आठ मुलांना ओबो, क्लॅरिनेट, बॅसून आणि हॉर्न द्यावेत, शिकण्याच्या काळात शिष्यवृत्ती द्यावी, आणि शिकून झाल्यावर ऑर्केस्ट्रात किंवा बँडमध्ये पगाराची जागा मिळेल याची लेखी हमी द्यावी. वाद्यं संस्थेच्या मालकीची राहू द्यावीत, म्हणजे एक मूल सोडून गेलं तर दुसऱ्याला मिळतील. पालकांना पहिल्या दिवशी रकमेचा आकडा सांगावा: सुरुवातीचा पगार किती, पाच वर्षांनी किती.