टाकी गेली, माती राहिली

जुना पेट्रोल पंप बंद होतो, जमिनीखालची लोखंडी टाकी उचलली जाते, खड्डा मुरुमाने बुजवला जातो आणि त्या जागेवर दुकाने किंवा घरे उभी राहतात. टाकी जाताना सर्वांना दिसते. तिच्या गंजलेल्या तळातून झिरपलेले इंधन मात्र कोणालाच दिसत नाही. आमचे मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचे गाव. उन्हाळ्यात इकडे बोअरच्या पाण्याचाच आधार असतो. म्हणून हा प्रश्न घरातील आजी-आजोबांच्या प्रकृतीचाही आहे.

मराठवाड्यात काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळ काळा पाषाण असतो. पाणी या भेगांतून वाहते आणि पेट्रोलही तीच वाट धरते. ते पाण्यावर तरंगते. पण त्यातील बेन्झिनसारखे घटक पाण्यात काही प्रमाणात विरघळतात. त्यामुळे जवळची बोअर शुद्ध आणि दूरची दूषित, असेही घडू शकते. 2013 मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात जमिनीखालील इंधनवाहिनीच्या गळतीमुळे घरांच्या पाण्यात पेट्रोल उतरले होते.

बेन्झिन कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. दीर्घकाळ ते शरीरात गेल्यास अस्थिमज्जेवर परिणाम होतो. रक्तक्षय, पांढऱ्या पेशींची घट आणि क्वचित रक्ताचा कर्करोग संभवतो. वृद्धांचा थकवा आपण वयावर ढकलतो, म्हणून निदानास विलंब होतो. शिवाय वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते. आजोबांना वास आला नाही म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही. तरुणालाही न जाणवणारे प्रमाण मर्यादेहून कितीतरी अधिक असू शकते.

पाणी उकळून हा दोष घालवू नये. बेन्झिनची वाफ बंद स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात श्वासावाटे आत जाते. तुरटी आणि क्लोरीनचाही येथे उपयोग नाही.

टाकी काढल्यावर खड्डा लगेच बुजवू नये. तळाची व बाजूंची माती हवाबंद काचेच्या बाटलीत, थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवावी लागते. मातीत इंधन आढळल्यास भोवती निरीक्षण-विहिरी घेऊन भूजल तपासतात, दूषित माती काढतात. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत बेन्झिन मोजले जात नाही. ते स्पष्ट नावाने मागावे लागते.

पाण्याला रॉकेलसारखा वास आला, वर तेलकट रंगीत तवंग दिसला, तर ते पिणे, स्वयंपाक व स्नान यांसाठी तत्काळ थांबवावे. ग्रामपंचायत, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. बोअरजवळ ज्वाला नेऊ नये. असे पाणी पिण्यात आले असेल आणि सततचा थकवा, वारंवार ताप, अंगावर निळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त असेल, तर डॉक्टरांना पाण्याविषयी सांगून रक्तपेशींची तपासणी करून घ्यावी. यांची अन्य कारणे अधिक आढळतात, हेही ध्यानात असावे.

एक काम मात्र ज्येष्ठांनीच करावे. गावात पूर्वी पंप कोठे होता, डिझेलची टाकी कोणत्या वाड्याशेजारी पुरली होती, हे बहुधा त्यांनाच आठवते. नवी बोअर घेण्यापूर्वी मुलांनी त्यांना विचारावे आणि ती जागा कागदावर नोंदवून ठेवावी.