येळवशीची आंबील, माठातले पाणी आणि बर्फाची पेटी

लातूर जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या नांदेडच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या, म्हणजेच बोलीतली 'येळवस', साजरी होते. त्या दिवशी गावेच्या गावे शेतात जातात. कडब्याची कोप उभारून पूजा होते आणि भज्जी, बाजरीचे उंडे व आंबील असे जेवण शेतातच होते. ताकात ज्वारीचे पीठ कालवून केलेली ही आंबील मातीच्या बिंदग्यात भरून नेलेली असते. शेतात वीज नाही, फ्रिज नाही; तरीही दुपारी दोन वाजता बिंदग्यातली आंबील गार लागते. याच सुमारास लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तेथे माणसे आपल्या जनावरांसह पाले ठोकून मुक्काम करतात. पुढे महाशिवरात्रीला, ऊन तापू लागले की, लातूरला सिद्धेश्वराची यात्रा असते. शाळांची शिबिरे आणि सहलीही याच काळात निघतात.

या सर्व ठिकाणी प्रश्न एकच असतो. उघड्यावर, विजेशिवाय, पिण्याचे पाणी, ताक किंवा सरबत गार कसे ठेवायचे? यासाठी दोन मार्ग आहेत. एक माठाचा आणि दुसरा बर्फाचा. दोन्हींमागचे विज्ञान वेगळे आहे. इतके वेगळे की एकाला जे हवे असते तेच दुसऱ्याला मारक ठरते. हा फरक लक्षात न घेतल्याने पुष्कळदा बर्फही वाया जातो आणि पाणीही.

माठ पाणी का गार करतो?

मातीचे भांडे भाजताना त्याच्या भिंतीत असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेरच्या पृष्ठभागावर येते आणि तेथे त्याची वाफ होते. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. ही उष्णता मुख्यतः माठातल्या पाण्यातून घेतली जाते आणि म्हणून ते गार होते.

एक साधे गणित करून पाहू. माठात १० लिटर पाणी ३८ अंश सेल्सिअसला भरले आणि ते २४ अंशांपर्यंत उतरवायचे आहे. त्यासाठी १० किलो गुणिले १४ अंश, म्हणजे १४० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. तिला ५८० ने भागले तर उत्तर येते ०.२४ किलो. म्हणजे पाव लिटरपेक्षाही कमी पाणी उडून गेले की उरलेले जवळजवळ सगळे पाणी १४ अंशांनी गार होते! तुलना करायची तर एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. म्हणजे एक लिटर पाण्याची वाफ होताना सात किलो बर्फाहून अधिक काम होते.

पूर्वी ट्रक आणि जीपला पुढे टांगलेली जाड कापडाची छागल याच तत्त्वावर काम करीत असे. गाडीच्या वेगाने वारा लागे, कापडातून पाझरलेले पाणी झपाट्याने उडे आणि आतले पाणी गार होई. नायजेरियातील शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली आणि अशा जोडमडक्यांत भाजी टिकवण्याची पद्धत आपल्या भागात रुजवली. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटांच्या दुहेरी भिंती आणि मध्ये ओली वाळू अशी रचना असलेला 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' तयार केला. शिबिरात ताकाची भांडी ठेवण्यासाठी असा लहानसा कक्ष विद्यार्थ्यांनाही बांधता येईल.

माठाची मर्यादा कोण ठरवते?

माठातले पाणी कितीही वेळ ठेवले तरी एका विशिष्ट तापमानाखाली जात नाही. ही मर्यादा हवा ठरवते. तापमापीच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून तिला वारा घातला, तर ती ज्या तापमानावर येऊन थांबते त्याला 'ओल्या फुग्याचे तापमान' म्हणतात. माठाची खालची मर्यादा तीच. हवा जितकी कोरडी, तितकी ती मर्यादा खाली.

आता आपल्याकडचे तीन दिवस घेऊ. उन्हाळ्यातील एका दुपारी हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान २२-२३ अंश येते. म्हणजे माठ हवेपेक्षा तब्बल १७ अंशांनी गार होऊ शकतो. येळवशीच्या दुपारी हवा २९ अंश आणि आर्द्रता ३० टक्के धरली, तर हीच मर्यादा १७-१८ अंशांपर्यंत उतरते. आंबिलीचे गुपित यातच आहे. ती पहाटेच्या थंडीत गार झालेली असते आणि पुढे कोपीची सावली, शेतातला वारा व ओले मडके तिला तापू देत नाहीत. आंबील आंबवणारे जिवाणू गार तापमानात मंद काम करतात, म्हणून ती लवकर फार आंबटही होत नाही. याउलट पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर मर्यादा २७ अंश येते. माठ तीन अंशांपलीकडे काही करू शकत नाही. दोष माठाचा नसतो, हवेचा असतो.

यातून व्यवहाराचे नियम आपोआप मिळतात. माठ सावलीत पण वाऱ्यावर ठेवावा. बंद खोलीत किंवा पालाच्या कोपऱ्यात नको. त्याला बाहेरून तैलरंग देऊ नये, कारण छिद्रे बुजतात. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार छिद्रांत साचतात आणि जुना माठ हळूहळू गार करणे सोडून देतो. स्टीलच्या कळशीला छिद्रे नसतात, पण तिच्याभोवती सुती फडके गुंडाळून ते ओले ठेवले की तीही माठासारखे काम करते.

बर्फाचे शास्त्र उलटे

बर्फाच्या बाबतीत आपल्याला उष्णता बाहेर काढायची नसते. ती आत येऊ द्यायची नसते. येथे वारा हा शत्रू. बर्फ विकणारे लादी लाकडाच्या भुशात ठेवून वर गोणपाट टाकतात, कारण भुशात अडकून राहिलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते. १८३३ साली बॉस्टनहून 'टस्कनी' हे जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला आले. चार महिन्यांच्या, विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या प्रवासानंतरही सुमारे १८० टनांपैकी १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. त्याला राखले होते ते चांगल्या वेष्टनाने.

शिबिरासाठी थर्मोकोलची पेटी, किंवा दोन डब्यांच्या मध्ये दाबून भरलेला कोरडा भुसा पुरेसा होतो. भुसा कोरडाच हवा. भिजला की हवेच्या जागी पाणी येते आणि उष्णता सहज आत शिरते. पेटीत बाटल्या घट्ट भराव्यात आणि झाकण कमी वेळा उघडावे. एक मोठी लादी तेवढ्याच वजनाच्या चुऱ्यापेक्षा जास्त टिकते, कारण तिचा उघडा पृष्ठभाग कमी असतो.

माठात बर्फ टाकण्याची पद्धत मात्र तोट्याची आहे. बर्फामुळे माठाची भिंत ओल्या फुग्याच्या तापमानाखाली जाते. मग वारा तिला गार करण्याऐवजी तापवू लागतो. म्हणजे माठाचे काम थांबते आणि बर्फही भराभर वितळतो.

आणखी एक गोष्ट. गार पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत. म्हणूनच खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचे आदेश २०१८ साली निघाले. निळसर बर्फ सरबतात घालू नये. पांढऱ्या बर्फाचीही खात्री नसेल तर तो बाटलीच्या बाहेर ठेवावा, आत नव्हे. माठातले पाणी काढण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे असावे.

गारव्याची किंमत पाण्यात

माठ वीज खात नाही, पण पाणी पितो. वर काढलेले पाव लिटर हे फक्त पहिल्यांदा गार करण्यासाठी. नंतर बाहेरची उष्णता सतत आत येत राहते आणि ती परतवण्यासाठी माठ पाणी उडवत राहतो. ढोबळ हिशेबाने, वाऱ्यावर ठेवलेला मध्यम माठ उन्हाळ्यात दिवसाला लिटरभर पाणी खर्च करील. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली, तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या जिल्ह्याने ते दिवस पाहिले, तेथे हा हिशेब करायलाच हवा. मात्र तो केल्यावर दिसते की दहा लिटर गार ठेवण्यासाठी एक लिटर हा सौदा वाईट नाही. शिवाय फडके ओले ठेवायला पिण्याचे पाणी लागत नाही. भाजी धुतलेले पाणीही चालते.

माठ आणि आपले शरीर

आपले शरीरही माठासारखेच गार राहते. घाम उडून जातो आणि त्वचा गार होते. म्हणून जी हवा माठाला गार होऊ देत नाही, तीच हवा माणसालाही धोक्याची असते. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ओल्या फुग्याचे तापमान २२-२३ अंश होते, हे आपण पाहिले. जूनच्या आरंभी, पाऊस येण्यापूर्वी, ३८ अंश आणि ५० टक्के अशी हवा असेल तर ते २९ अंशांवर जाते. नेहमीची तापमापी दोन अंश कमी दाखवते, पण शरीराच्या दृष्टीने दुसरा दिवस अधिक कठीण असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला मोकळ्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उन्हामुळे दहाहून अधिक माणसे दगावली. समुद्राजवळच्या दमट हवेत तापमापीचा आकडा एकटा पुरेसा इशारा देत नाही. अशा दिवशी शिबिरातील मैदानी कार्यक्रम सकाळी लवकर उरकावेत आणि सावली व भरपूर पाणी यांची सोय आधी करावी. पाणी बर्फासारखे थंड असण्याची गरज नाही, माठातले पुरते. ते वेळोवेळी प्यायले जाणे महत्त्वाचे.

वर्गात करून पाहा

१. प्रयोगशाळेतील दोन तापमाप्या घ्या (तापाची तापमापी नको, ती सुमारे ३५ अंशांपासून सुरू होते). एकीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. आकडा स्थिर झाला की लिहून ठेवा. आता शाळेच्या माठातील पाण्याचे तापमान मोजा. दोहोंत किती फरक आहे?

२. एक लहान भरलेला माठ सकाळी आणि सायंकाळी तराजूवर तोला. मध्ये पाणी काढू नका. वजनातील घट म्हणजे उडालेले पाणी. हा प्रयोग फेब्रुवारी, एप्रिल आणि जुलै या तीन महिन्यांत करा.

३. तीन सारख्या स्टीलच्या बाटल्या घ्या. एक उघडी, दुसरी ओल्या फडक्यात सावलीत वाऱ्यावर आणि तिसरी ओल्या फडक्यात बंद डब्यात ठेवा. तासाभराने तापमाने मोजा. तिसरी बाटली दुसरीइतकी गार का होत नाही, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.

या नोंदी वहीत तारखेसह ठेवल्या, तर पुढच्या वर्षी सहलीचा दिवस ठरवताना आपल्याच शाळेचे आकडे हाताशी असतील.