टाळ्या आणि खाली गेलेली मान

फलटणच्या एका शाळेत मी मराठी शिकवीत होतो. २०१२ साली यमुनाबाई वाईकर यांना पद्मश्री जाहीर झाली, ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली. लावणी गाणारी आपल्या सातारा जिल्ह्यातली बाई म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र मान खाली घालून बसली. तिची आई संगीत बारीत गाते, हे मला ठाऊक होते. वर्गाला ठाऊक नव्हते, आणि ते कळू नये म्हणून ती रोज जपत होती. त्या टाळ्या आणि ती खाली गेलेली मान यांचा अर्थ एकत्र लावल्याशिवाय यमुनाबाईंच्या सन्मानाचा अर्थ लागत नाही.

यमुनाबाईंचा जन्म १९१५ सालचा, कोल्हाटी समाजातला. हा समाज गावोगाव दोरीवरचे, बांबूवरचे खेळ करून पोट भरणारा. पोटासाठी रस्त्यावर गाणे-नाचणे हीच त्यांची पहिली शाळा आणि आई हीच पहिली गुरू. पुढे त्या संगीत बारीत आल्या, स्वतःची पार्टी उभी केली. संगीत बारीत वग नसतो. स्त्रियांचे गाणे, नाच आणि अदा यांवरच ती उभी असते. फर्माईश करणारा दौलतजादा करतो आणि त्यावर पार्टीतल्या सगळ्यांची चूल पेटते.

यमुनाबाईंचे मोठेपण बैठकीच्या लावणीत होते. फडाची लावणी उभ्याने, ढोलकीच्या कडकडाटात होते. बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते. लय संथ असते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी सुरांच्या वळणाने, नजरेने, बोटांच्या हालचालीने तिचा वेगळा अर्थ उलगडते. ठुमरीशी नाते सांगणारी ही विद्या आहे. पण ठुमरीला जे आसन मिळाले, ते लावणीला मिळाले नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली. तमासगिरांनी दाद मागितल्यावर ती उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट मागे राहिली. अश्लीलतेचा ठपका नेहमी गाणारणीवर आला. पैसे फेकणाऱ्या पाटला-सावकाराच्या अभिरुचीची तपासणी कोणी केली?

यमुनाबाईंनी नावापुढे वाई लावली. ही वाई ‘दक्षिण काशी’ म्हणून मिरवते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम तिथूनच चालवले. त्या कामाविषयी मला आदर आहे. पण एकाच गावात दोन ज्ञाने नांदत होती. एकाला इमारत, ग्रंथालय आणि शासनाचे अनुदान होते. दुसरे एका स्त्रीच्या कंठात होते आणि रात्रीच्या दौलतजादेवर जगत होते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९५ साली मिळाला, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर. पद्मश्री मिळाली तेव्हा त्या शहाण्णव वर्षांच्या होत्या. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या १०२व्या वर्षी त्या गेल्या. कलावंत शंभरी गाठतो म्हणून त्याची दखल घेतली जाते, असे म्हणायचे काय? ज्यांना तेवढे आयुष्य लाभले नाही, त्यांचे काय?

हे आपल्याकडेच घडते असे नाही. स्पेनमधील जिप्सींची मुळे भाषाशास्त्रज्ञ भारतात शोधतात. १७४९ साली तिथल्या राजसत्तेने त्यांना सरसकट पकडून डांबले. त्याच जमातीच्या घराघरांतून फ्लामेंको गाणे वाढले. कामारोन दे ला इस्ला हा त्यांच्यातला थोर गायक १९९२ साली वारला. फ्लामेंको गायनातला सर्वोच्च मान, ‘सोन्याची किल्ली’, त्याला २००० साली, मरणोत्तर मिळाला. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीचा वारसा म्हटले. गाणे वारसा ठरले, म्हणून गाणाऱ्यांच्या वस्तीला शेजार मिळाला असे मात्र नाही.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर २००२ साली हलाखीत वारल्या. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार शासनाने २००६ पासून सुरू केला. पुरस्कार वाईट नाहीत. अकादमीने यमुनाबाईंना मान दिला, तो त्यांच्या विद्येचाच होता. पण प्रस्थापित समाज एका स्त्रीला व्यासपीठावर बसवतो आणि तिच्या जातीला खालीच ठेवतो. लावणी महाराष्ट्राची होते; लावणी गाणारीची पोर कोणाचीच होत नाही.

डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात हेच दुःख मांडले आणि आईचे नाव स्वतःच्या नावात अभिमानाने घेतले. आमच्या हजेरीपटात मात्र त्या मुलीपुढे बापाचे म्हणून कुणाचे तरी नाव लिहिलेले होते. ते खोटे आहे, हे तिला आणि मला ठाऊक होते. मी ते रोज पुकारीत होतो. त्या दिवशी टाळ्या थांबल्यावर मी तिच्या आईच्या विद्येविषयी चार शब्द बोलायला हवे होते. निदान आईचे नाव लिहायचे का, एवढे तरी तिला एकांतात विचारायला हवे होते. मी पुढचा धडा काढला.

शिक्षक मित्रहो, तुमच्याही वर्गात अशी एखादी मान खाली गेलेली असेल. पद्मश्री देणे आपल्या हाती नाही. हजेरीपट मात्र आपल्याच हाती आहे.